चवथीला घरात पंचेचाळीस माणसं, आणि आमचा चिकू

झेरॉक्सवाला, फोंडा (१३ जुलै २०२५)

नमस्कार मंडळी. मी या फोरमवर नुसता वाचणारा माणूस. आज पाऊस असा लागलाय की बसस्टँडवर चिटपाखरू नाही, दुकान लवकर ओढून घेतलं, म्हणून लिहायला बसलो.

मुलगा अकरा वर्षांचा. घरात त्याला चिकू म्हणतो. तीन वर्षांचा असताना ऑटिझमचं निदान झालं. बोलतो, पण आपल्याला हवं तेव्हा नाही, त्याला हवं तेव्हा. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा ऐकू आला की पायरीवर जाऊन बसतो आणि "सहा उंडे" (गोल पाव) इतकं खणखणीत म्हणतो की शेजाऱ्यांना वाटतं, आम्ही उगाच रडगाणं गातो. मग दुपारपर्यंत एक शब्द नाही. आवाजाचं त्याचं गणित मला अजून सुटलेलं नाही. मिक्सर चालत नाही, कुकरची शिट्टी चालत नाही, पण झेरॉक्सच्या मशीनला कान लावून तासभर बसतो. दुकानातली गिऱ्हाइकं आता सवयीने त्याला वळसा घालून उभी राहतात.

प्रश्न चवथीचा आहे. आमचं मूळ घर सावईवेऱ्याला. पाच दिवसांचा गणपती, सगळे भाऊ, चुलत भाऊ, त्यांची पोरं धरून पंचेचाळीस माणसं. गेल्या वर्षी रात्रीच्या आरतीला घुमट, शामेळ, कासाळे ही वाद्यं सुरू झाली, त्यातच अंगणात पोरांनी फटाक्यांची माळ लावली, आणि चिकू गायब. चाळीस मिनिटं. बॅटऱ्या घेऊन सगळं कुळागर (घरामागची माडा-पोफळीची बाग) पालथं घातलं. शेवटी पंपाच्या खोलीमागे सापडला, कानांवर हात, पायात चप्पल नाही. तिथून विहीर दहा पावलं. त्या दहा पावलांवर मी अजून रात्री उठून बसतो.

आता घरातून फोन येतोय. वहिनी फार प्रेमाने म्हणाल्या, "यंदा त्याला फोंड्यालाच कोणाकडे तरी ठेवा ना, त्यालाच त्रास होतो." त्यांचं चुकीचं आहे असं मला म्हणवत नाही. पण चवथीला घरातलं पोर घरात नाही, हे मला पटत नाही. बायको म्हणते, मग आपण कोणीच जायचं नाही.

दुसरा प्रश्नही विचारून टाकतो. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी), स्पीच थेरपी सगळं चालू आहे, शाळेतल्या रिसोर्स टीचर चांगल्या आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण शनिवार-रविवारी त्याला जायला एखादी अशी जागा नाही का, जिथे कोणी त्याला सुधारायला बसलेलं नसेल? मे महिन्यात एका शिबिरात घातला होता. तिसऱ्या दिवशी फी परत देऊन "पुढच्या वर्षी बघू" म्हणाले. फी लगेच परत दिली, हे त्यातल्या त्यात.

कोणी चवथ निभावली असेल तर सांगा.

म्हापशेची आई (१३ जुलै, रात्री)

भाऊ, आधी विहीर. बाकी सगळं नंतर. अशी मुलं घाबरून पळतात तेव्हा अनेकदा पाण्याकडे जातात, आणि त्यात जीव जातात, हे कोणी आपल्याला पहिल्या दिवशी सांगत नाही. विहिरीवर जाळी टाकून घ्या, चवथीच्या आधी, भावांना विचारत बसू नका. त्याच्या मनगटात तुमचा फोन नंबर. कुळागरात काम करणाऱ्या माणसांना त्याचा फोटो दाखवा आणि सांगा की हाक मारू नका, नुसते मागे चला. आणि पोहायला घाला. माझी मुलगी आता बावीस वर्षांची, तिला मी नवव्या वर्षी घातलं. शिकायला तीन वर्षं लागली. लागू देत.

आता तुमचं दुसरं. मीसुद्धा दहा वर्षं "तिच्यासाठी काही आहे का" शोधत फिरले. पर्वरी झाली, ढवळीला लोकविश्वास प्रतिष्ठान पाहिलं, तुम्हाला ते जवळ आहे, माहीत असेलच. या जागांनी आम्हाला खूप दिलं. पण तिची खरी जागा सापडली ती म्हापशाच्या बाजारात. माझी नणंद शुक्रवारी तिथे भिंडसोलां (सुकवलेली कोकमं) आणि मिरच्या विकायला बसते. मुलगी सकाळी सातला, गर्दीच्या आधी जाते आणि सोलांच्या पाव किलोच्या पिशव्या भरते. तराजूचा काटा केसभर हललेला तिला खपत नाही. नऊ वाजता गर्दी वाढली की आम्ही घरी. दोन तास. पण त्या ओळीतल्या सगळ्या बायकांना ती माहीत आहे. एका शुक्रवारी आम्ही गेलो नाही तर तीन फोन आले, बाय खंय, पोर कुठे म्हणून. शिबिरातून असा फोन कधी आला नव्हता.

तिच्यासाठी वेगळं काही उभारलं नाही हो. जे चाललंच होतं त्यात तिला एक काम मिळालं, ज्याला सुरुवात आहे आणि शेवट आहे. चिकूलाही चवथीत असं काम शोधा. "ये, बस, आरती ऐक" हे काम नव्हे.

कागदपत्रांचं एकदाच सांगते. यूडीआयडी, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढलंय ना? तपासणीत ती चाळीस प्रश्नांची आयसा नावाची मोजणी करतात, सत्तर किंवा जास्त गुण आले तर ऑटिझम धरतात, त्यावरून टक्के ठरतात. चाळीस टक्के किंवा वर असेल तर पुढची दारं उघडतात. दयानंद सामाजिक सुरक्षा योजना, राष्ट्रीय न्यासाचा निरामय विमा (वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचाही खर्च बसतो), आयकराच्या जुन्या रचनेत ७५,००० ची वजावट. झेरॉक्स तुमच्याच दुकानात, तेवढं बरं. अठरा पूर्ण झाली की पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करावा लागतो. माझा अर्ज मी उशिरा केला. तुमच्याकडे सात वर्षं आहेत, पण ती जातात.

नाव नको (१४ जुलै)

मोबाईल बंद करा, आपोआप बोलेल. माझ्या मावसबहिणीच्या मुलाला मुंबईत स्टेम सेलची इंजेक्शनं दिली, फरक आहे म्हणतात. हवा असेल तर पत्ता देतो.

म्हापशेची आई (१४ जुलै)

पत्ता नको. ऑटिझमवर स्टेम सेलची शिफारस करता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ मध्येच स्पष्ट केलंय. आम्हीही त्या रांगेत जवळजवळ उभे होतो, म्हणून रागावत नाही. पण या धाग्यावर पत्ता नको.

हळू आवाज, पणजी (१४ जुलै)

मी आई नाही. मी ते मूल आहे, चौतीस वर्षांचं. निदान एकतिसाव्या वर्षी झालं, ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं) दोन्ही. एका ऑफिसात हिशेब बघते. त्याआधी घरात माझं निदान "शिष्ट" असं होतं.

दादा, तुमचं वाचून मला आमच्या घरचा माळा आठवला. चवथीला मी माळ्यावर नारळांच्या राशीमागे बसायची. मला आरती आवडायची नाही असं अजिबात नव्हतं. वरून, फळ्यांमधून ऐकलेली आरती मला अख्खी पाठ होती. खाली बसलं की मात्र कासाळ्यांचा आवाज दातांत जायचा, उदबत्तीचा धूर, कोणाची तरी ओली साडी हाताला लागायची, आणि वर कोणीतरी डोकं धरून सांगायचं, "पाया पड." सगळं एकाच वेळी. आई मला ओढून खाली आणायची, कारण लोक काय म्हणतील. लोक म्हणायचे ते म्हणालेच.

म्हणून माझ्याकडून काही गोष्टी. पोदेराचा भोंगा चालतो आणि कुकर चालत नाही, यात काही चमत्कार नाही. भोंगा रोज त्याच वेळी येतो, लांबून येतो, कळत कळत जवळ येतो. कुकर तुमच्या पाठीमागे अचानक किंचाळतो. आवाज किती मोठा यापेक्षा तो सांगून येतो की न सांगता, हे जास्त महत्त्वाचं असतं, निदान माझ्यासाठी. फटाका हा न सांगता येण्याचा बाप.

कानांना लावायला महागडं काही आणू नका. हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडर चालवणाऱ्या कामगारांसाठी इयरमफ मिळतात, ते घ्या. आतापासून घरी घालू दे, चवथीच्या दिवशी नवी वस्तू डोक्यावर चढवलीत तर तीच फेकून देईल.

घरात एक खोली त्याची. दार बंद होणारी. आणि कृपा करून त्या खोलीत पाहुण्यांच्या पिशव्या, पातोळ्यांचे डबे, कोणाचं झोपलेलं बाळ ठेवू नका. आमच्याकडे मला "शांत खोली" दिली होती एका वर्षी, आणि दर पाच मिनिटांनी कोणीतरी नेवऱ्या काढायला यायचं.

जागांचं विचारलंत. मला स्वतःला सगळ्यात बरी वाटते ती पाटोवरची कृष्णदास शामा लायब्ररी. १८३२ पासूनची संस्था, इमारत नवी. आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी मुलांच्या विभागात शांतता असते, तिथे कोणी "बाळ, नाव काय तुझं" करत अंगावर येत नाही. दुसरी जागा म्हणजे जुन्या गोव्याहून दिवाडीला जाणारी फेरीबोट. हसू नका. इंजिनाची थरथर पायातून येते, काठ सुटतो, काठ लागतो, संपलं. वाईट दिवस गेला की मी आजही दोन फेऱ्या मारते. झेरॉक्स मशीनला कान लावणारा मुलगा फेरीबोटीला नाही म्हणणार नाही असं मला वाटतं.

एक शेवटचं, हे तुमच्यासाठी नाही, माझी कुरकुर आहे. मराठीत आपल्याला "स्वमग्न" म्हणतात. हा शब्द ज्याने केला त्याने चांगल्या मनाने केला असेल, पण मी स्वतःत मग्न कधीच नव्हते. मला तर खोलीतल्या सगळ्यांचे आवाज, वास, ट्यूबलाइटची घरघर एकदम ऐकू यायची. थोडं स्वतःत मग्न व्हायला मिळावं म्हणून तर माळ्यावर जायची.

माशेलचा घुमटवाला (१५ जुलै)

मी आरतीवाला. चाळीस वर्षं घुमट वाजवतो, पोरांना शिकवतो. ऑटिझम वगैरे मला कळत नाही, पण घुमट कळतं.

घुमट २०१९ मध्ये सरकारने राज्याचं वारसावाद्य केलं, तेव्हापासून शिकायला पोरं येतात. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, आता बकऱ्याचं. आवाजात फरक आहे, पण घोरपड वाचते. तर माझ्याकडे एक मुलगा येतो, कोणाशी बोलत नाही, भिंतीला पाठ लावून बसतो. पण कोणाचा ताल चुकला की उठून बाहेर जातो. तो उठला की आम्ही थांबून बघतो, कोण चुकलं. आता पोरं त्याला घाबरून नीट वाजवतात.

तुमच्या मुलाला कासाळ्यांपासून लांब ठेवा. पितळेचा आवाज कापतो. घुमट तसं नाही, मातीचं भांडं आहे, त्याचा आवाज गोल. आधी रिकाम्या घरात न्या त्याला. एकच घुमट, एकच माणूस, हळू. वाजवू नका, त्याचा हात भांड्याच्या पोटाला लावा, मग टिचकी मारा. आवडलं तर तोच मारेल. नाही आवडलं तर घुमट उचलून घरी या. आणि तुमच्या घरी आरती किती वेळ चालते? आमच्याकडे लोक तासभर ओढतात, देवालाही झोप येते. पहिल्या तीन आरत्या त्याच्यासाठी हळू घ्या, मग हवा तेवढा धुमाकूळ घाला.

रविवारी माशेलला आणलात तर मी आहे.

झेरॉक्सवाला, फोंडा (१६ जुलै)

सगळ्यांचे आभार. बायकोने सगळं वाचून काढलं आणि प्रिंट मारून फ्रिजवर लावलंय. विहिरीच्या जाळीवाल्याशी बोललो. घुमटवाले बाब, रविवारी येतो.

झेरॉक्सवाला, फोंडा (७ सप्टेंबर २०२५)

उशीर झाला, पण सांगायचं कबूल केलं होतं.

माशेलला चार रविवार गेलो. पहिले दोन रविवार चिकू गाडीतून उतरलाच नाही. बाब स्वतः घुमट घेऊन गाडीच्या बॉनेटवर बसले. आजूबाजूच्या लोकांना वाटलं गाडी विकायला काढलीय. तिसऱ्या रविवारी त्याने काच खाली केली. चौथ्या रविवारी हात लावला.

काम मिळालं ते माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर फळं-पानं बांधतात त्या चौकटीचं. हे माझ्या बायकोच्या डोक्यातून आलं. चिकूला याद्या आवडतात, दुकानातल्या कागदांचे गठ्ठे तो आकाराप्रमाणे लावतो. तर तिने माटोळीला बांधायच्या प्रत्येक वस्तूचा फोटो काढला, मी दुकानात छापून पानं लॅमिनेट केली. कांगलं, घागऱ्या, आंबाडे, तोरिंग, सुपारीचा कात्रो, सगळं. भावाने एक वस्तू बांधली की चिकू त्या पानावर मार्करने फुली मारणार. सगळ्या फुल्या झाल्याशिवाय माटोळी पुरी नाही. आदल्या संध्याकाळी तीन तास चाललं. एकसष्ट वस्तू. धाकट्या भावाने आंबाडे बांधायचे राहिलेत हे कोणाच्या लक्षात नव्हतं, चिकू त्याच्या शर्टाला धरून उभा राहिला, सोडेना. माझे थोरले काका म्हणाले, "इतकी वर्षं माटोळी बांधतो, मोजदाद आजच झाली." वहिनी त्याच्यासमोर पाट ठेवून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

बुधवारी, म्हणजे २७ ला, पहिली आरती. इयरमफ घालून स्वयंपाकघराच्या मागच्या दारात उभा होता. दुसरी सुरू झाली तसा चार पावलं आत आला. भाऊ भिंतीकडे पाठ करून वाजवत होता, चिकूने त्याच्या घुमटाच्या पोटावर हात ठेवला. मी घड्याळ लावलं होतं. अकरा मिनिटं. मग वळला आणि थेट आपल्या खोलीत. खोलीत पिशव्या नव्हत्या. (ताई, बायकोने दारावर तुमचं वाक्य लिहून लावलं होतं, नेवऱ्यांसकट.)

सगळं असंच गेलं असं नाही. फटाके आमच्या अंगणात बंद होते, पण पलीकडच्या घरात कोणी बंद करणार? दुसऱ्या रात्री एक मोठा बार उडाला आणि मेल्टडाऊन झाला, त्याने स्वतःचा हात चावला, निळा डाग आठवडाभर होता. शुक्रवारी आम्ही दोघं फोंड्याला परत आलो, बायको तिथेच राहिली. विसर्जन चुकलं. माझंही जन्मात पहिल्यांदा. दुकान उघडून बसलो दोघं, सुट्टीत एकही गिऱ्हाईक नाही, तो मशीनला कान लावून.

पण एक सांगायचं राहिलं. विसर्जनाच्या रात्री माझ्या पुतण्याचा फोन आला, तो तेरा वर्षांचा. गेल्या वर्षी फटाक्यांची माळ त्यानेच लावली होती. म्हणाला, माटोळी सोडताना वस्तू मोजायच्या का, कागद चिकूकडे आहे.

फेरीबोटीवरही जाऊन आलो. ताईंचं बरोबर होतं. आम्ही सात फेऱ्या मारल्या. फेरीवाल्याने शेवटी विचारलं, काय हरवलंय का.

म्हापशेची आई (७ सप्टेंबर)

अकरा मिनिटं पुष्कळ झाली. माझ्या मुलीची पहिली आरती दोन मिनिटांची होती, आणि त्यातला अर्धा वेळ ती प्रसादाकडे बघत होती.

आता ऑक्टोबरमध्ये ९ ते १२ पणजीला पर्पल फेस्ट, म्हणजे अपंग व्यक्तींचा उत्सव, आहे. आम्ही २०२३ च्या जानेवारीत पहिल्या वर्षापासून जातोय. माणसं फार असतात, म्हणून मी दरवाजा उघडताच जाते आणि दुपारी जेवायच्या आत निघते. तिथे मुलगी गोल गोल फिरली, हात फडफडवले तरी कोणी वळून बघत नाही, कारण शेजारीही कोणीतरी तेच करत असतं. आपल्याला त्याची सवय नसते, पहिल्या दिवशी मलाच रडू आलं होतं. येणार असाल तर एकत्र जाऊ. तुमच्या मिसेसनाही आणा.

हळू आवाज, पणजी (८ सप्टेंबर)

मीही येते. ऑफिसातून सुट्टी मिळाली तर पहिल्या दिवशी. भेटल्यावर हात मिळवणार नाही, आधीच सांगते.

दादा, त्या पुतण्याला म्हणावं, मोजायचं.

माशेलचा घुमटवाला (८ सप्टेंबर)

त्याला रविवारी आणत जा. चवथ संपली तरी घुमट संपत नाही. आणि बॉनेटवर ओरखडा माझ्यामुळे पडलाय, तो तुम्ही बोलला नाहीत, पण मला दिसला.

झेरॉक्सवाला, फोंडा (८ सप्टेंबर)

ओरखडा राहू दे बाब. चिकू रोज बोट फिरवून बघतो.

ऑक्टोबरच्या ९ तारखेला सकाळी येतो. त्याला फोटो दाखवून सांगितलं, पणजी, गर्दी, गाणी, मग घरी. त्याने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सहा उंडे." म्हणजे पोदेर येऊन गेल्यावरच निघायचं.